जेरुसलेमला निघण्याआधी वार बघा

अलिबागला आमच्या शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. त्यातल्या मावशी आता इस्रायलमध्ये लोदला असतात. अजून कोकणातलंच मराठी बोलतात. मी जेरुसलेमला यायचं ठरवलंय म्हटल्यावर त्यांनी हॉटेल, हवा, भाव यातलं काही विचारलं नाही. म्हणाल्या, "आधी वार बघ, मग तिकीट काढ."

रायगडच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा. तो बंद घाणा माहीत असलेल्याला जेरुसलेम कळायला फार वेळ लागत नाही. इथे मुसलमानांचा शुक्रवार, ज्यूंचा शनिवार आणि ख्रिश्चनांचा रविवार लागोपाठ येतात. तिघांचीही अतिशय पवित्र ठिकाणं एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत. तटबंदीच्या आतलं जुनं शहर एक चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पोलिसांचे अडसर, बंद दरवाजे, कागदपत्रांची तपासणी हे सगळं वार आणि सण पाहून सरकत असतं. म्हणून नकाशा पाठ करण्यापेक्षा इथली दिनदर्शिका समजून घेतली, तर निम्म्या अडचणी घरीच सुटतात.

पहिलं काम : आत्ता जावं का?

या प्रश्नाचं उत्तर तेल अवीवमधल्या भारतीय दूतावासाच्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनांमध्ये शोधा. ट्रॅव्हल कंपनीच्या जाहिरातीवर किंवा तिकडे नोकरी करणाऱ्या भाच्याच्या भरवशावर ठरवू नका. सूचना 'प्रवास टाळा' अशी असेल तर टाळाच. पैसे बुडाले तरी चालतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताला 'ऑपरेशन अजय' करून माणसं परत आणावी लागली. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटलं, १३ जूनला इस्रायलचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं आणि 'ऑपरेशन सिंधू'मध्ये भारतीयांना जमिनीच्या रस्त्याने जॉर्डन आणि इजिप्तमध्ये काढून मग विमानात बसवलं गेलं. त्या दिवसांत जुनं शहरही बाहेरच्यांना बंद होतं. म्हणजे पोहोचलेला माणूससुद्धा काही बघू शकला नसता.

यातून तीन गोष्टी करायच्या. तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्यायचं. प्रवास विमा काढताना 'युद्ध आणि दहशतवाद' हा परिच्छेद स्वतः वाचायचा, कारण पुष्कळ पॉलिसींमध्ये नेमकं तेच वगळलेलं असतं. आणि जॉर्डन किंवा इजिप्तमार्गे बाहेर पडायची वेळ आली तर भारतीय पासपोर्टला तिथला व्हिसा कसा मिळतो, हे निघण्याआधी पाहून ठेवायचं. जॉर्डनकडे जाणाऱ्या अ‍ॅलनबी पुलावर जॉर्डनचा व्हिसा मिळत नाही, हे अनेकांना तिथे उभं राहिल्यावर कळतं.

दुसरं : दिनदर्शिका

आपला वार सूर्योदयाला बदलतो, ज्यूंचा सूर्यास्ताला. त्यामुळे त्यांचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो आणि शनिवारी तारे दिसू लागले की सुटतो. त्यांचं वर्षही आपल्यासारखं चंद्राचं, सूर्याशी जुळवून घेतलेलं. एकोणीस वर्षांत सात वेळा ते अधिक महिना घालतात. म्हणून त्यांचे सण इंग्रजी तारखांमध्ये पुढेमागे होतात, पण ऋतू सोडत नाहीत. इस्लामी वर्षात अधिक महिना नसल्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो. ही दोन चक्रं एखाद्या वर्षी एकमेकांवर येतात, ज्यूंचा वसंतातला पेसाह सण आणि रमजान एकाच आठवड्यात पडतात, तेव्हा शहरातला बंदोबस्त सर्वांत कडक असतो.

तारखा ठरवण्याआधी हे दिवस शोधून बाजूला काढा. सप्टेंबर-ऑक्टोबरमधला योम किप्पूर, ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस : त्या दिवशी सगळं बंद, विमानतळसुद्धा. मे-जूनमधला 'जेरुसलेम दिन', इस्रायलने शहराचा पूर्व भाग ताब्यात घेतल्याचा दिवस : झेंड्यांचा मोठा मोर्चा जुन्या शहराच्या दमास्कस गेटमधून मुस्लिम मोहल्ल्यातून जातो, दुकानदार आधीच दारं ओढून घेतात आणि तणाव असतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिश्चन पंथांच्या, ईस्टरच्या आदला शनिवार : पवित्र अग्नीच्या विधीसाठी पवित्र समाधीच्या (येशूची समाधी मानतात त्या) चर्चच्या आसपासच्या गल्ल्या पोलीस अडवतात आणि भाविकांनासुद्धा मोजून आत सोडतात. वसईहून किंवा गोव्याहून येणाऱ्या यात्रेकरूंना या शेवटच्या दिवसाची ओढ असते, ते मी समजू शकते. मग यायचं ते अनुभवी धर्मगुरूंच्या गटाबरोबर यावं. एकट्याने ती गर्दी झेपणार नाही.

तिसरं : कागद आणि सामान

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. अर्जात लिहिलेला मुक्काम, परतीचं तिकीट, बँकेचे कागद यांच्या छापील प्रती जवळ ठेवा. प्रश्न विचारला गेला तर मोबाईलमध्ये शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं बरं पडतं. विमानतळावर पासपोर्टात शिक्का मारत नाहीत. एक छोटं कार्ड देतात. ते पासपोर्टाइतकंच जपा. हॉटेलात आणि चेकपोस्टवर तेच मागतात. मात्र जॉर्डन किंवा इजिप्तच्या सीमेवरून जमिनीने ये-जा केलीत तर त्या देशाचा शिक्का बसतो आणि त्यावरून तुम्ही इस्रायलला गेला होतात हे उघड होतं. पुढे लेबनॉन किंवा इराणला जायचं असेल तर याचा विचार आधीच व्हायला हवा.

सामानाबद्दल मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे कुणी परदेशी निघालं की ओळखीतले लोक डबे आणून देतात : त्यांच्या सुनेसाठी लाडू, कुणासाठी मेतकूट. इथे येताना दुसऱ्याचं बंद पाकीट घेऊच नका. "बॅग कुणी भरली? कुणी काही दिलंय का?" हा प्रश्न नक्की येतो. मावशींसाठी मी आंबोशी आणि कोकमं नेली होती. ती बाजारातून मी स्वतः आणली, स्वतः बांधली आणि विचारल्यावर तसंच सांगितलं. तपासणाऱ्या मुलीने पुडी उघडून वास घेतला आणि परत दिली. आणि हो, पानाच्या डब्यातला अडकित्ता, फळं कापायचा चाकू, कात्री हे हातातल्या पिशवीत नको. विमानतळ तर सोडाच, इथे बसस्थानक, मॉल, पश्चिम भिंत (ज्यूंची प्रार्थनेची जागा) अशा सगळ्या ठिकाणी बॅग तपासतात.

चौथं : पोहोचणं आणि राहणं

बेन गुरियन विमानतळावरून जेरुसलेमच्या यित्झाक नावोन स्थानकापर्यंत २०१८ पासून जलद रेल्वे आहे. अर्ध्या तासाच्या आत पोहोचवते. शुक्रवारी दुपारनंतर ती थांबते आणि शनिवारी रात्रीच सुरू होते. म्हणून उतरायचा वार रविवार ते गुरुवार ठेवा. रविवार इथे कामाचा दिवस, आठवड्याचा पहिला.

राहायला दोन भाग सोयीचे. याफा रस्त्याच्या आसपास राहिलात तर ट्राम दारात आणि याफा गेट पायी गाठता येतं, पण शब्बाथला तिकडे शुकशुकाट असतो. दमास्कस गेटच्या बाहेरच्या पूर्व भागात शनिवारीही दुकानं आणि अरब बस चालू असतात, पण तणावाच्या दिवशी पहिला अडसर तिथेच लागतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी पहिला भाग निवडेन.

खोली ठरवताना वायफायच्या आधी विचारा : निवाऱ्याची खोली कुठे आहे? नव्या इमारतींमध्ये घरातच जाड भिंतींची सुरक्षित खोली असते, तिला 'मामाद' म्हणतात. सार्वजनिक निवाऱ्याला 'मिक्लात'. हे दोन शब्द पाठ करा. पहिल्याच संध्याकाळी खोलीपासून तिथपर्यंत एकदा चालून बघा, घड्याळ लावून. सायरन वाजल्यावर जेरुसलेममध्ये साधारण ९० सेकंद मिळतात. आईचे गुडघे दुखत असतील तर चौथा मजला घेऊ नका.

पाचवं : सायरन ओळखणं

'होम फ्रंट कमांड', म्हणजे इस्रायली सैन्याच्या नागरी संरक्षण विभागाचं अ‍ॅप इंग्रजीतही आहे. उतरल्यावर नव्हे, निघण्याआधीच फोनमध्ये घ्या आणि ठिकाण जेरुसलेम निवडा. धोक्याचा सायरन वरखाली होत जाणारा असतो. तो वाजला की निवाऱ्यात जायचं, दारा-खिडक्यांपासून लांब बसायचं आणि बाहेर पडायची सूचना येईपर्यंत तिथेच थांबायचं. आकाशातलं दृश्य टिपायला गच्चीत जाणारे पर्यटक असतात. वरून पडणारे तुकडे जीव घेतात. रस्त्यात असाल आणि जवळ इमारत नसेल तर जमिनीवर पालथं पडून हातांनी डोकं झाकायचं.

एकाच सुरात वाजणारा भोंगा वेगळा. वसंत ऋतूत होलोकॉस्ट स्मृतिदिनाला आणि शहीद सैनिकांच्या दिवशी देशभर असा सायरन होतो. माणसं जागच्या जागी उभी राहतात, गाड्या महामार्गावर थांबतात. तुम्हीही थांबा. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शब्बाथ लागल्याचा भोंगा वाजवायची रीतही या शहरात आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे पाय लटपटले. शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला आणि नुसतं "शब्बात, शब्बात" म्हणून हात दाबला.

सहावं : आठवडा कसा लावायचा

हराम अल-शरीफ, म्हणजे सोनेरी घुमट आणि अल-अक्सा मशीद असलेलं आवार, ज्याला ज्यू टेंपल माउंट म्हणतात, ते आधी उरकावं, कारण तिथे जायची संधी सर्वांत सहज हुकते. मुसलमान नसलेल्यांना रविवार ते गुरुवारच प्रवेश असतो. तोही फक्त मुघराबी गेटमधून, पश्चिम भिंतीशेजारून वर चढणाऱ्या लाकडी पुलावरून. हिवाळ्यात साधारण सकाळी ७ ते १०:३० आणि दुपारी तासभर. उन्हाळ्यात वेळा थोड्या पुढे. रमजानमध्ये फक्त सकाळ, आणि इस्लामी सणांना पूर्ण बंद. काही घडलं तर त्या दिवशी पोलीस न सांगता फाटक लावतात. म्हणून हे काम मुक्कामाच्या पहिल्या सकाळीच करायचं, म्हणजे हुकलं तरी दुसरा दिवस हातात राहतो. सकाळी साडेसहाला रांगेत उभे राहा.

या एका ठिकाणचे नियम नीट समजून घ्या, कारण इथे छोटी चूकही मोठी ठरते. जागेचा कारभार जॉर्डनशी जोडलेल्या इस्लामी वक्फकडे आणि सुरक्षा इस्रायली पोलिसांकडे. तिथे प्रार्थना फक्त मुसलमानांनी करायची, इतरांनी बघून यायचं, अशी जुनी व्यवस्था आहे. म्हणून जपमाळ, गीतेची छोटी प्रत, क्रॉस, बायबल हे सगळं खोलीवर ठेवून या. फाटकावर ते बाजूला काढायला लावतात किंवा तुम्हालाच परत पाठवतात. हात जोडून डोळे मिटणं ही आपली सहज सवय, पण तिथे ती आवरा. ओठ पुटपुटताना दिसले तरी पोलीस हटकू शकतात. बायकांनी डोकं, खांदे, पाय झाकणारे कपडे घालावेत. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी उत्तम. नवरा-बायकोने गळ्यात हात टाकून फोटो काढू नये. सोनेरी घुमटाची इमारत इ.स. ६९१-९२ च्या सुमाराची. ती आणि अल-अक्सा मशीद यांच्या आत २००० सालापासून इतर धर्मीयांना सोडत नाहीत, त्यामुळे दाराशी जाऊन विनवणी करू नका. बाहेर दुसऱ्या दारांनी पडता येतं, पण त्या दारांनी पुन्हा आत येता येत नाही.

तिथून उत्तरेकडे हेरोड गेटच्या बाजूला गेलात तर एक आपली जागा आहे : भारतीय धर्मशाळा, 'झाविया अल-हिंदिया'. सुमारे आठशे वर्षांपूर्वी सूफी संत बाबा फरीद इथे राहून साधना करून गेले अशी परंपरा सांगते. १९२४ पासून सहारनपूरहून आलेल्या एका घराण्याकडे तिची देखभाल आहे. ज्या गुरुग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची पदं आहेत, त्याच ग्रंथात फरीदांचीही आहेत. जेरुसलेमच्या गल्लीत भारताचा झेंडा दिसल्यावर मला ते आठवलं आणि डोळे भरून आले. मात्र ही राहती जागा आहे, पर्यटनस्थळ नाही. आधी विचारून, वेळ घेऊन जा.

पश्चिम भिंत चोवीस तास उघडी असते. तीन-चार वाटांनी जाता येतं आणि प्रत्येक वाटेवर यंत्र आहे. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, टोपी तिथे मिळते. बायका आणि पुरुषांचे भाग वेगळे. शब्बाथला तिथे फोटो, फोन आणि लिहिणंसुद्धा चालत नाही, म्हणून फोटो हवे असतील तर सोमवार-मंगळवार. गुरुवारी संध्याकाळी महाने येहुदा बाजारात जा. शनिवारच्या जेवणाची खरेदी चाललेली असते, दिवाळीच्या आदल्या दिवसासारखी. तुम्हीही शनिवारपुरतं खाणं-पाणी तेव्हाच घेऊन ठेवा.

शुक्रवारी दुपारी बारा ते दोनच्या सुमारास दमास्कस गेट आणि लायन्स गेट टाळा. नमाजाला हजारो माणसं येतात, पोलीस रस्ते एका दिशेने वळवतात आणि कधी वयाची अट लावून तरुणांना अडवतात. त्या गर्दीत पर्यटकाचं काहीच काम नाही. दुपारी फ्रान्सिस्कन साधूंची मिरवणूक व्हिया डोलोरोसावरून, म्हणजे येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात त्या वाटेवरून निघते. ती बघायची तर वाटेच्या शेवटच्या टोकाला, पवित्र समाधीच्या चर्चजवळ उभे राहा. शनिवारी ट्राम आणि रेल्वे नाहीत, पण जुन्या शहरातला ख्रिश्चन आणि मुस्लिम मोहल्ला चालू असतो. तो दिवस पायी फिरायला ठेवा. चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असतात, म्हणून दुपारनंतर जा. या चर्चच्या दाराची किल्ली कित्येक शतकं मुसलमान घराण्यांकडे आहे, हे दारात उभं राहून सोबतच्या मुलांना जरूर सांगा.

सातवं : बेथलेहेम

अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटर, पण गाव पॅलेस्टिनी भागात, मध्ये भिंत आणि चेकपोस्ट. दमास्कस गेटजवळच्या अरब बसस्थानकावरून बस मिळते. जाताना फारसं कुणी विचारत नाही, येताना तपासणी होते : बस थांबते, काहींना उतरवतात, कागद बघतात. पासपोर्ट आणि ते छोटं कार्ड खोलीवर विसरलात तर परतणं अवघड होईल. भाड्याची इस्रायली गाडी तिकडे नेऊ नका, तिचा विमा बहुधा तिथे चालत नाही. लाल फलकांवर प्रवेशबंदीची सूचना दिसेल. ती इस्रायली नागरिकांसाठी असते. चेकपोस्ट कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून सकाळी जा, अंधाराआधी परत या आणि बेथलेहेमच्या स्थानिक माणसालाच वाटाड्या म्हणून घ्या. त्याला त्या दिवसाची खबर असते. शिवाय तिथल्या लोकांची पोटं पर्यटकांवर अवलंबून असतात.

आठवं : रस्त्यावरचं वागणं

पिशवी खाली ठेवून दोन पावलंसुद्धा दूर जाऊ नका. बेवारस पिशवी दिसली की 'हेफेत्स हाशूद', संशयास्पद वस्तू, म्हणून रस्ता मोकळा करतात आणि बॉम्बशोधक पथक ती उडवूनही देतं. दुसऱ्याची दिसली तर हात न लावता पोलिसांना सांगा. पोलीस १००, रुग्णवाहिका १०१, अग्निशमन १०२.

सैनिक, चेकपोस्ट, तपासणीची यंत्रं यांचे फोटो काढू नका. ड्रोन आणूच नका. अडवलं तर हात दिसतील असे ठेवून हळू थांबा, पिशवीत घाईने हात घालू नका, आधी सांगा, मग पासपोर्ट काढा. खांद्याला बंदूक लावलेली विशीतली मुलं-मुली बसमध्ये शेजारी बसतील. घाबरू नका आणि त्यांच्याबरोबर सेल्फीही नको. मोर्चा, घोळका, धावपळ दिसली की कुतूहल गिळून उलट दिशेला वळा. दुकानदार, टॅक्सीवाले राजकारणावर बोलू लागले तर ऐका. त्यांच्या घरातलं कुणीतरी गेलेलं असू शकतं, दोन्ही बाजूंना. आपल्या मताची तिथे कुणाला गरज नसते. आणि फिरत असताना ठिकाणासकट फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, घरी आल्यावर टाका.

नववं : परत निघताना

खरी चौकशी येताना नाही, जाताना होते. विमानाच्या किमान तीन तास आधी पोहोचा. शनिवारचं विमान असेल तर रेल्वे नाही, त्यामुळे टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. काउंटरच्या आधी सुरक्षा अधिकारी विचारतात : कुठे राहिलात, कुणाला भेटलात, बॅग कुठे होती, कुणी भेट दिली का. एकच प्रश्न दोन माणसं दोन प्रकारे विचारतील. चिडू नका, खरं आणि थोडक्यात सांगा. बेथलेहेमला गेला होतात तर गेलो होतो म्हणा. लपवलेली गोष्ट जास्त वेळ खाते. कुटुंबातल्या सगळ्यांनी मुक्कामाची नावं आणि वार एकदा आपापसात उजळून घ्या, कारण आजी-आजोबांना वेगळं उभं करूनही विचारू शकतात. इंग्रजी येत नसेल तर तसं सांगून घरच्या माणसाला जवळ बोलवायला हरकत नाही. पासपोर्टाच्या मागे अंकांचं लेबल चिकटवतात, ते मुंबईला उतरेपर्यंत काढू नका.

मावशींनी मला निघताना घरचा खजुराचा डबा दिला. मी तो त्यांच्यासमोरच उघडून, एकेक खजूर बघून पुन्हा भरला. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, त्यांनीच तसं करायला सांगितलं होतं. काउंटरवर मुलीने विचारलं, "हे कुणी दिलं?" मी नाव, गाव आणि नातं सांगितलं. "नातं?" तिने पुन्हा विचारलं. "शेजारी," मी म्हटलं, "अलिबागच्या." तिने डबा यंत्रातून फिरवला, लेबल लावलं आणि पुढच्या खिडकीकडे बोट दाखवलं.